सांगाड्याचं ऋण

रे नोबल या इंग्रज वाद्यवृंद-संचालकाने १९३८ साली ‘चेरोकी’ हे गाणं रचलं. ६४ बारांचं. त्यावर उपज करू पाहणारा जॅझ वादक आधी गाणं उलगडतो: चाल बाजूला ठेवतो आणि तिच्याखालचा कॉर्डांचा क्रम शोधतो. खरी परीक्षा मधल्या १६ बारांत, ज्यांना ब्रिज म्हणतात. तिथे गाणं बी-फ्लॅटचं घर सोडून एकदम बी मेजरमध्ये शिरतं, मग ए, मग जी. दर चार बारांनी एक पूर्ण स्वर खाली. हे घडतं कसं? बी हा षड्ज स्थिरावतो न स्थिरावतो तोच त्याचे गंधार आणि निषाद कोमल होतात, आणि मुक्कामाची कॉर्ड पुढच्या प्रवासाची पहिली कॉर्ड ठरते. षड्ज तोच, घराची मात्र वाट झालेली असते.

एवढं उमगलं की चालीवाचून चालतं. नोव्हेंबर १९४५ मध्ये चार्ली पार्करने याच सांगाड्यावर ‘को-को’ ध्वनिमुद्रित केलं. पहिल्या टेकमध्ये ‘चेरोकी’ची चाल सुरू होते आणि मध्येच थांबवली जाते. ती वाजली असती, तर मोबदल्यावर मूळ गाण्याचा हक्क पोचला असता. कॉर्डांच्या क्रमावर मात्र रूढ व्यवहारात कोणाचीच मालकी मानत नाहीत.

जे कायद्याने मोकळं, ते नीतीनेही मोकळं असतं का?

ऋषिऋण अध्ययनाने फिटतं, असं आपली परंपरा सांगते. त्या हिशेबाने पार्कर ऋणमुक्त ठरावा. तो ब्रिज त्याने रक्तात मुरवला होता. पण ऋषींचं निदान तर्पणात नाव तरी घेतात. अध्ययनाने विद्येचं ऋण फिटतं, माणसाचं नाही.

आणि नोबल तरी कुठे निर्लेप? शंभर वर्षांपूर्वी ज्या चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून हाकललं गेलं, त्यांचं नाव त्याने प्रेमगीताला शोभेसाठी लावलं. म्हणजे घेण्याची साखळी पार्करपासून सुरू होत नाही.

विश्लेषण गाण्याला निनावी करतं. ते केल्यावाचून उपज होत नाही, म्हणून त्याला चोरी म्हणवत नाही. पण निनावी केलेल्या गोष्टीला पुन्हा नाव देणं हे उलगडणाऱ्याचंच काम आहे, कारण सांगाडा कोणाचा हे त्यालाच ठाऊक असतं. पैशाचं देणं लागत नसेलही. कुठून घेतलं हे माहीत असून गप्प राहणं, एवढं मात्र त्याला परवडू नये.