जमा आणि नावे

काही देश श्रीमंत आणि काही दरिद्री का झाले, हा विषय निघाला की आपल्या बैठकीत दादाभाई नौरोजींचे नाव हटकून येते. ते योग्यच आहे. अँगस मॅडिसन या अर्थेतिहासकाराच्या अंदाजानुसार १७०० च्या सुमारास जगाच्या एकूण उत्पन्नातील जवळजवळ चौथा हिस्सा हिंदुस्थानचा होता. १९५० मध्ये तो चार टक्क्यांच्या आसपास उरला. या हिशेबात इंग्लंड ऋणको आणि आपण निव्वळ धनको, असे मानून आम्हीही आयुष्यभर समाधानाने चहा पीत आलो.

त्या चहानेच पुढे आम्हांस अस्वस्थ केले. इंग्लंडला चीनचा चहा हवा होता. पण त्यासाठी मोजावी लागणारी चांदी नको होती. तिच्या जागी अफू पुढे करण्यात आली. ती बिहार-बंगालात पिके, तशी आपल्या माळव्यातही पिके. होळकर-शिंद्यांच्या मुलखातील ही अफू आधी बव्हंशी पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून आणि पुढे इंग्रजांचे परवाना-शुल्क भरून मुंबईहून चीनला जाई. सावकार, दलाल आणि जकात घेणारे दरबार, सर्वांचाच तीत वाटा असे. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, तेव्हा इंग्लंडने युद्ध पुकारले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनने हाँगकाँग गमावले आणि वर दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर भरले. चीनच्या दैन्याचे अफू हे एकमेव कारण नव्हे. यंत्रयुगातील पीछेहाट आणि अंतर्गत बंडे हीही होतीच. परंतु त्या दैन्यात माळव्याचाही हात होता, हे नाकारता येत नाही.

आमच्या पूर्वजांचे पगार आणि इनामे ज्या खजिन्यांतून आली, त्यांत या जकातीचाही पैसा होता. मग आम्ही दोषी ठरतो काय? महसुली नोकरीत वारसांची प्रकरणे हाताळताना एक तत्त्व आमच्या मनावर ठसले: मयताच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते, पण मिळालेल्या मिळकतीपुरतीच. राष्ट्रांनाही हाच न्याय लागू व्हावा. पूर्वजांचे पाप वारशाने येत नाही. त्यांचे ऋण मात्र येते. म्हणून श्रीमंत देश गरीब देशांना जे साहाय्य करतात, त्यातील काही भाग औदार्य नसून परतफेड आहे, असे आम्हांस वाटते.

दादाभाईंनी अफूच्या व्यापाराला इंग्लंडचे पाप म्हटले. पण त्या पापाचे साधन बनलेल्या हिंदुस्थानासही त्यांनी त्याच्या फळांतून सूट दिली नाही. अपवाहाचा हिशेब मांडणाऱ्या त्या सत्यनिष्ठ पुरुषाने स्वतःच्या देशाचीही बाजू तपासली. आपण त्यांची निम्मीच वही वाचली. इंग्लंडकडे बाकी अवश्य मागावी. परंतु आपल्या नावे पडलेली रक्कम कोरी ठेवून मागितलेली बाकी कोणताही प्रामाणिक हिशेबतपासनीस मंजूर करणार नाही. नातवंडांना घराण्याचा इतिहास सांगताना हे पानही उघडावे, एवढीच विनंती.