दोरी, साप आणि सावली

अंधारात पडलेली दोरी साप वाटते, माणूस घाबरतो, कोणी दिवा आणतो आणि भय निघून जाते. वेदान्त्यांनी हा दृष्टान्त इतक्या वेळा सांगितला आहे की, भयाचे मूळ अज्ञानात असते हे आपण गृहीतच धरून चालतो. परंतु दिवा लावलेला आहे, दोरी दोरीच आहे हे पक्के ठाऊक आहे आणि तरीही अंगावर काटा उभा राहतो, अशा भयाचे काय करायचे? हा प्रश्न माझ्यापुढे उभा केला तो संगणकावरच्या जुन्या खेळांनी. मुलांच्या खेळाला एवढा मान कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या गोष्टीने शहाण्यासुरत्या माणसाच्या तळहाताला घाम फुटतो, तिचा विचार करायला हरकत नसावी.

1981 साली इंग्लंडमध्ये माल्कम एव्हन्स यांनी 'थ्री-डी मॉन्स्टर मेझ' नावाचा खेळ तयार केला. ज्या 'झेडएक्स 81' यंत्रासाठी तो होता, त्याची मूळ स्मृती अवघी 1 किलोबाइट. खेळासाठी ती 16 पर्यंत वाढवावी लागे. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्याच्या शेकडो पट जागा घेते. त्या यंत्राला रंग नव्हता, आवाज नव्हता. खेळणारा एका भुलभुलय्यात असे आणि त्यात कुठेतरी एक प्रचंड डायनोसॉर. बहुतेक वेळ तो दिसतही नसे. पडद्यावर फक्त अक्षरे उमटत, की तो दबा धरून आहे, की पावले जवळ येत आहेत. मुक्या यंत्रावर पावलांचा आवाज माणसे स्वतःच ऐकत. त्याआधी 1977 पासून अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आकाराला आलेल्या 'झोर्क'मध्ये तर चित्रच नव्हते, नुसता मजकूर. दिवा न घेता अंधारात पुढे गेलात तर 'ग्रू' तुम्हांला खाईल, एवढीच तंबी. 1982 च्या अटारीवरील 'हाँटेड हाउस'मध्ये खेळणाऱ्याचे दोन डोळे तेवढे काळोखात हलत. यंत्र गरीब होते म्हणून भय कमी पडले नाही. यंत्राने दोरी दिली, साप आपण घरून नेला.

भरतमुनींनी भयानक रसाची कारणे सांगताना ओसाड घर, अरण्य, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे यांचा उल्लेख केला आहे. हे साहित्य अजून संपलेले नाही. पण रसाची गोष्ट निराळी आहे. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या बाणाला भिऊन हरिण धावते. त्या प्रसंगी प्रेक्षकाला जाणवणारे भय 'मी भ्यालो' असेही नसते आणि 'तो भ्याला' असेही नसते, तर देशकालातून मोकळे झालेले नुसते भय असते, असे अभिनवगुप्त सांगतात. म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. पश्चिमेकडे कॉलिन रॅडफर्ड यांनी 1975 साली विचारले की, अॅना कारेनिना कधी नव्हतीच हे ठाऊक असताना आपण तिच्यासाठी हळहळतो कसे. तीन वर्षांनी केंडल वॉल्टन यांनी उत्तर दिले की, चित्रपट पाहणारा खरोखर भीत नाही. तो भिण्याचा खेळ खेळतो. खरोखर भ्याला असता तर खुर्ची सोडून पळाला असता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नवा शिक्षक होतो, तेव्हा आमच्या हायस्कुलात चार संगणक आले आणि त्यांच्या मागोमाग कोणाच्या तरी फ्लॉपीतून 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ही आला. तळघर, जमिनीतून वर येणारे खिळे, माणसाला मधोमध कापणारी पाती आणि अचानक उठून उभा राहणारा हाडांचा सापळा. एका संगणकाभोवती सहा मुले कोंडाळे करून उभी असत. राजपुत्र खिळ्यांवर पडला की खेळणारा मुलगा ओरडे, "मेलो की, सर!" शेजारचा कन्नड मुलगा आपल्या भाषेत नेमके तेच म्हणे, तोही प्रथमपुरुषीच. नाटकात संभाजीराजांचा शेवट पाहून डोळे पुसणारा कोणीही प्रेक्षक 'मी मेलो' म्हणत नाही. येथे मात्र 'मी' गळून पडत नाही, उलट घट्ट होतो. म्हणजे हा अभिनवगुप्तांचा रस नव्हे. वॉल्टन यांची कसोटीही येथे पुरती लागू पडत नाही, कारण खेळणारा खरोखर पळतो. पायांनी पळत नाही, बोटांनी पळतो.

मग हे आहे काय? मला त्यासाठी आपल्याच भागातला एक शब्द योग्य वाटतो: तालीम. तालमीत समोरचा पैलवान वैरी नसतो, पण पाठ जमिनीला लागते ती खरीच लागते. तरीही हाड मोडत नाही, कारण वस्तादाने माती उकरून मऊ ठेवलेली असते. जुन्या खेळांतले भय असेच आहे. वैरी खोटा, पडणे खरे, माती मऊ. 'प्रिन्स'मध्ये मेलेल्याला तो टप्पा पुन्हा सुरू करता येतो. मात्र एकंदर वेळ साठ मिनिटांचा, आणि मरण्यात गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. चुकीची किंमत आहे, पण तिच्यामुळे वाट बंद होत नाही.

आता आक्षेपाकडे वळू. तालीम कशाची, हेही पाहिले पाहिजे. 1993 साली आलेल्या 'डूम'मध्ये दाराआडच्या गुरगुरण्याने छाती धडधडते आणि त्या धडधडीवर बहुधा एकच उत्तर असते, बंदूक. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली आणि 1994 पासून तेथे खेळांवर वयाची श्रेणी छापली जाऊ लागली. हा आक्षेप पोकळ नाही. ज्याची भीती वाटते त्याला संपवावे, हा धडा जगात आधीच पुष्कळ जण गिरवत आहेत.

म्हणूनच 'प्रिन्स'मधली सावली मला मोलाची वाटते. जॉर्डन मेक्नर यांचा हा खेळ 1989 साली प्रथम अॅपल टू यंत्रावर आला. नवा शत्रू रेखाटायला यंत्रात जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी राजपुत्राचेच चित्र किंचित बदलून त्याची सावली केली. चौथ्या टप्प्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि ती पलीकडे पळून जाते. पुढे ती त्याचे औषध पिऊन टाकते, दार लावून त्याला खाली पाडते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. तिला मारले तर आपणही मरतो. तरबेज मुलेही येथे अडून बसत. उपाय एकच, तलवार म्यान करायची. मग तीही म्यान करते, दोघे एकमेकांकडे चालत जातात आणि एक होतात. त्यानंतर समोर नुसती पोकळी असते. पाऊल टाकले की पायाखाली फरशी उमटते. स्मृतीच्या टंचाईतून निघालेली ही युक्ती, पण भयासंबंधी मी वाचलेल्या कित्येक पानांपेक्षा ती अधिक सांगून जाते.

या सगळ्याचा माझ्या पेशाशी संबंध आहे. आमच्या शाळा पिढ्यान्पिढ्या भयावर चालल्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. छडी कपाटात गेली, भय सगळेच गेले असे म्हणवत नाही. मुख्याध्यापकाच्या खोलीबाहेर उभे केलेल्या मुलाचा चेहरा आणि सापळा उठताना पाहणाऱ्या मुलाचा चेहरा, दोन्ही पांढरेफटक असतात. पण एक मूल पुन्हा त्याच दाराशी जाण्यासाठी मधल्या सुट्टीची वाट पाहते, दुसरे त्या दारावरून जायचे टाळते. फरक भयाच्या मात्रेत नाही. एका भयात ते आपल्या पायांनी शिरले आहे आणि परतीची वाट त्याला माहीत आहे. दुसऱ्यात त्याला ढकलले आहे आणि बाहेर केव्हा पडता येईल ते दुसऱ्याच्या हाती आहे.

तेव्हा मुलांना भीती दाखवावी की नाही, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. भीतीवाचून धैर्य शिकता येत नाही. गणिताचा नवा पाठही थोडी भीती घेऊनच येतो. विचारायचे ते इतकेच, की माती उकरून ठेवली आहे का, पडलेल्याला उठून पुन्हा येता येईल का आणि तलवार म्यान करण्याचा पर्याय त्याला कधी दिसेल का. सोळा किलोबाइटच्या यंत्रासाठी खेळ रचणाऱ्यांना पडलेल्याची आठवण होती. हाती सत्ता असलेल्या आपण वडीलधाऱ्यांना ती ठेवणे अवघड जाऊ नये.