वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही

उभे राहा, दोघंही. मान खाली घालू नका, माझ्याकडे बघा.

तुझ्या निबंधात लिहिलंय, सृष्टीच्या उत्पत्तीच्या सगळ्या धार्मिक कथा म्हणजे त्या काळच्या कॉन्स्पिरसी थिअरीज. सगळ्या? त्यातली एक तरी धड वाचलीस का? आणि तू, त्याला उत्तर म्हणून काय लिहिलंस? ऋषींना बिग बँग ठाऊक होता, पण परदेशी शास्त्रज्ञांनी ते दडपून ठेवलं. अरे, कटाची कहाणी तर ही आहे! कोणीतरी दडवणारा आणि त्याचं बिंग फोडणारे आपण, एवढं जमलं की झालं. शास्त्रज्ञांनी नकार दिला की लगेच म्हणायचं, बघा, ते दडवतच आहेत. मग त्यांनी बोलायचं तरी काय?

2021 विसरलात? नदीपलीकडे हडपसर-मांजरीला लस तयार होत होती आणि इकडे घराघरांत मोबाइलवर फिरत होतं की कोरोना 5जीच्या टॉवरमुळे पसरतो. देशात 5जीच्या चाचण्यासुद्धा सुरू झालेल्या नाहीत, असं त्या मे महिन्यात दूरसंचार विभागाला जाहीर करावं लागलं. त्या अफवेला गुन्हेगार हवा होता, तो तिने टॉवरमध्ये शोधला.

आता नासदीय सूक्त घ्या. ऋग्वेदाचं दहावं मंडल, 129वं सूक्त, जेमतेम सात ऋचा. सत् नव्हतं, असत् नव्हतं, इथून सुरुवात होते. आणि शेवट? ही सृष्टी कुठून आली हे परम आकाशातून तिच्याकडे पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. देवाच्याही ज्ञानावर शंका घेऊन कवी थांबतो. कटवाल्याने कधी 'कदाचित' म्हटलेलं ऐकलंय तुम्ही? अशा कथेला अफवेच्या रांगेत बसवतोस आणि स्वतःला चिकित्सक म्हणवतोस! आणि तू तिला भौतिकशास्त्राचं पुस्तक ठरवून तिची ती शंकाच काढून घेतलीस. तुझा अपराध मला जास्त मोठा वाटतो, कारण तू हे प्रेमाच्या नावाखाली केलंस.

जमीन कशी झाली हे कळायला हवं असेल, तर या खराडीत उंच इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात डोकावा. काळा पाषाण, थरावर थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा आहे तो. शेजारी वाघोलीच्या खाणींत त्याच खडकाच्या पोकळ्यांमधून कॅव्हनसाइट नावाचं खनिज निघतं, निळंशार, सुयांच्या गोळ्यासारखं. हातोडा घेऊन कोणीही जावं आणि तपासावं. कथेला त्या हातोड्याची भीती नाही, आणि तिने त्याच्या कामात पडूही नये.

पण सगळ्या कथा निष्पाप असतात, असंही मी म्हणणार नाही. त्याच दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे. मुखातून ब्राह्मण, पायांतून शूद्र. मनुस्मृतीने तेच पुढे नेलं आणि माणसांची उतरंड त्यावर रचली. आपल्या याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. धोंडीराव आणि जोतीराव यांचा तो संवाद आहे, आणि आरंभीच ब्रह्मदेवाच्या त्या कथेची उलटतपासणी आहे. मुखातून जन्म झाला म्हणता, तर नेमका कसा? ही कथा शूद्रातिशूद्रांना दास्यात ठेवण्यासाठीच रचली, असं ते ठणकावून सांगतात. मुळात रचणाऱ्याच्या मनात काय होतं, हे आज सिद्ध करता येणार नाही, असं मला वाटतं. पण तिच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं पाणवठ्यावरून हाकलली गेली, ते तर नाकारता येत नाही. म्हणून तर 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जळली.

कळलं का, तुझ्यात आणि जोतीरावांत फरक काय ते? तू एका शब्दात सगळ्या कथा झाडून टाकल्यास. त्यांनी एकेक कथा हातात धरली, तिचा फायदा कोणाला होतो ते विचारलं, आणि लिहिण्याच्या 25 वर्षं आधीच भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती.

दोन्ही निबंध परत घ्या. सोमवारपर्यंत नासदीय सूक्त अर्थासह आणि 'गुलामगिरी'चा पहिला भाग, दोघांनी एकत्र बसून वाचायचा. प्रत्येक कथेखाली लिहायचं: ती कोणाला मोठं करते, कोणावर बोट ठेवते आणि कुठे शंका घेऊ देते. मोबाइल बंद ठेवून. बसा खाली.