प्रदेशाचे नियतकालिक आणि सीमेवरचा तालुका

एखाद्या प्रदेशाचे राजकारण, व्यापार आणि संस्कृती यांचा विचार एकाच नियतकालिकात, म्हणजे ठरावीक काळाने निघणाऱ्या पत्रात, व्हावा ही कल्पना मराठीत हळूहळू घडत गेली. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत सुरू केलेले ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे; त्यात लोकशिक्षणाची तळमळ होती, मात्र स्वतंत्र प्रश्न असलेला भूभाग या अर्थी ‘प्रदेश’ अजून आकाराला आला नव्हता. पुढे 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात समाजसुधारक लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत राज्य का गेले, व्यापार का बुडाला आणि विद्या का खुंटली हे प्रश्न परस्परांत गुंतलेले दिसतात, आणि या विचारपरंपरेचे खरे मूळ तेथेच मानणे योग्य ठरेल.

विसाव्या शतकात या गुंफणीला सर्वाधिक बळ मिळाले ते मोठ्या शहरात नव्हे, तर एका माळरानावरच्या कारखान्यात. किर्लोस्करवाडीत 1920 साली कारखान्याचे वृत्तपत्र म्हणून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली उद्योग, विज्ञाननिष्ठा आणि समाजसुधारणा यांचे व्यासपीठ बनले. स्वातंत्र्यानंतर मात्र कामाची वाटणी झाली: साहित्याची मासिके वेगळी, अर्थविषयक वेगळी, राजकीय साप्ताहिके वेगळी. प्रत्येक क्षेत्रातील लेखन त्यामुळे सखोल झाले हे खरे, परंतु प्रदेशाकडे समग्रतेने पाहण्याची सवय क्षीण झाली आणि हे नुकसान मोठे आहे. याउलट स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी पुढे आली, तेव्हा संस्कृतीच्या मंचावरूनच राजकारणाचा नकाशा बदलू पाहत होता.

या वाटणीचा अपुरेपणा सर्वांत स्पष्ट होतो तो अक्कलकोटसारख्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील तालुक्यात. भोसले घराण्याचे हे संस्थान, म्हणजे ब्रिटिश सार्वभौमत्वाखालील देशी राज्य, 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाले. भाषावार प्रांतरचनेनंतर ते महाराष्ट्रात राहिले, तरी सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाने ते कर्नाटकाला द्यावे अशी शिफारस केली आणि महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. तालुक्यात गावोगावी कन्नड बोलली जाते आणि कन्नड माध्यमाच्या शाळा चालतात. दुधनीच्या बाजारपेठेचा संबंध सोलापूरइतकाच कलबुर्गीकडील गावांशी येतो. संत स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांवर अक्कलकोट शहरातील निवासव्यवस्था, वाहतूक आणि किरकोळ व्यापार उभा आहे. 2022 मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला, तेव्हा काही गावांनी रस्ते, पाणी यांसारख्या सोयींअभावी कर्नाटकात जाण्याची भाषा करणारे ठराव केले. त्या ठरावांना केवळ भाषिक अस्मितेची बातमी समजणे चुकीचे होते, कारण त्यांचा उगम विकासाच्या उपेक्षेत होता.

म्हणूनच अशा तालुक्याबद्दल लिहू पाहणाऱ्या नियतकालिकाला भाविकांचा ओघ, बोरी नदीवरील कुरनूर धरणाचे पाणी, शाळेची भाषा आणि ग्रामपंचायतीचा ठराव हे एकाच लेखात एकत्र मांडावे लागतात, आणि ते मांडणाऱ्या वार्ताहराला मराठीबरोबर कन्नडही यावी लागते.