रिकामे कशाला म्हणावे?

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला तत्त्वज्ञानाचे ग्रंथ चाळण्यास क्वचितच सवड मिळते. तथापि एक तात्त्विक प्रश्न दर काही वर्षांनी, बदलीच्या हुकमासोबत, त्याच्या दाराशी येऊन उभा राहतो. बरोबर काय न्यावयाचे आणि मागे काय ठेवावयाचे, हा तो प्रश्न. सरकारने आपल्यापुरते त्याचे उत्तर ठरवून टाकले आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली निघालेल्या आदेशान्वये वेतनस्तर ४ व त्याखालील कर्मचाऱ्यास बदलीच्या वेळी १५०० किलोंपर्यंतच्या सामानाचा वाहतूकखर्च मिळतो. आम्ही स्तर ४ चे. तेव्हा आमच्या संसाराचे सरकारमान्य वजन दीड हजार किलो. पुण्याहून म्हैसुरास येताना ते त्याहून पुष्कळच कमी भरले, आणि आपण या प्रश्नातून सुखरूप पार पडलो अशी आमची समजूत झाली. ती समजूत मोडली एका संगणकाच्या निमित्ताने.

गेल्या वर्षी आमच्या कचेरीत जुन्या संगणकांना नव्या डिस्क बसविण्याचे काम निघाले. जुन्या हार्ड डिस्क फिरत्या तबकडीच्या, १००० जीबी क्षमतेच्या आणि संथ. नव्या एसएसडी चपळ, परंतु २५६ जीबींच्या. प्रत्येक संगणकावर सारी व्यवस्था पहिल्यापासून बसवावयाची म्हटले तर आठवडे मोडतात. म्हणून एक संगणक नमुन्यादाखल सिद्ध करावयाचा, त्याच्या संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे तंत्रज्ञ जिला डिस्क इमेज म्हणतात ती, काढून ठेवावयाची आणि बाकीच्या संगणकांवर ती जशीच्या तशी उतरवावयाची, अशी रीत आहे. शिलालेखावरून कागदावर ठसा घ्यावा, तसाच हा प्रकार. कामाची नोंदवही राखण्यासाठी आमची नेमणूक तंत्रज्ञाच्या शेजारी झाली होती. तो तरुण कन्नड भाषक; त्याचे हिंदी आमच्या कन्नडाइतकेच मोडके; पण समजावून सांगण्याची हौस मोठी.

नमुन्याच्या डिस्कवर प्रत्यक्ष मजकूर होता जेमतेम ७० जीबी. दोनशे छप्पन्नांच्या जागेत सत्तर मावणार नाहीत असे कोणता अंकगणिताचा शिक्षक म्हणेल? तरीही प्रतिमा उतरविण्याची आज्ञा देताच पडद्यावर नकार उमटला: नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान आहे, सबब काम करता येत नाही.

तंत्रज्ञाने कारण सांगितले ते असे. तो वापरीत होता ते क्लोनझिला नावाचे, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात घडलेले मुक्त साधन. ते मजकूर उचलताना भरलेले खण तेवढे उचलते. रिकाम्या खणांना हात लावीत नाही. तेव्हा ओझे खरोखर सत्तर जीबींचेच असते. अडचण नकाशाची असते. डिस्कच्या आरंभी विभागांचा एक तक्ता असतो. अमुक विभाग अमक्या खणापासून तमक्या खणापर्यंत, असे त्यात लिहिलेले असते. अलीकडच्या पद्धतीत त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला राखतात. प्रतिमेबरोबर हा तक्ताही येतो आणि नव्या डिस्कला बजावतो की, आमची हद्द हजार जीबींपर्यंत आहे. नव्या डिस्कला तितकी हद्दच नाही. मजकूर मावतो, पण त्याचा हक्कसांगावा मावत नाही. मोठ्या शहराच्या कचेरीतून लहान गावी बदलून आलेले एखादे साहेब आपण सर्वांनीच पाहिलेले असतील. त्यांचे सामान एका ट्रकात येते, पण पूर्वीच्या खुर्चीची हद्द काही केल्या नव्या खोलीत बसत नाही.

यावर उपाय एकच. मूळ डिस्कवरच, प्रतिमा घेण्यापूर्वी, विभाग आक्रसून घ्यावयाचा. आकार तपासण्याची अट नुसती वगळण्याची सोय त्या साधनात आहे. परंतु विभाग न आक्रसता ती वगळली, तर हद्द जेथे संपते तेथे नकाशा तुटतो आणि हाती मोडकी डिस्क येते. तंत्रज्ञ आक्रसावयास बसला, तर तिथेही विघ्न. नऊशेंहून अधिक जीबी जागा रिकामी असता विंडोजने सांगितले की, निम्म्याच्या आत येता येणार नाही. शोध घेता कळले की, दूरवर मध्येच एक फाइल बसून आहे. स्मृतीची जागा अपुरी पडल्यास आधार म्हणून प्रणाली जी पेज फाइल राखते, ती ही. आणि यंत्र चालू असेतो तिला हलविता येत नाही. एवढ्या विस्तीर्ण ओसाडीत एकच वस्तू ठाण मांडून बसलेली, आणि तिच्यापायी सारा पसारा आवरता येईना! ती फाइल तात्पुरती बंद केली, तेव्हा विभाग मुकाट्याने मागे सरला. नवी प्रतिमा काढली, ती लहान डिस्कवर उतरली, आणि संगणक सुरू झाला.

इतक्यावरून निघणारा बोध सरळ आहे. कमी होणे अटळ असेल तर ते निघण्यापूर्वी, आपल्या घरी, आपल्या हाताने व्हावे. पोचल्यावर परक्या कात्रीने होऊ नये. हा बोध मनाशी घोळवीत आम्ही त्या संध्याकाळी क्वार्टरवर आलो. दार उघडताच खाटेवर बसलेली आई दिसली, आणि आपल्या बोधात कुठेतरी एक भोक आहे असे वाटू लागले.

दोन वर्षांपूर्वी आमचे वडील गेले. वाई तालुक्यातल्या आमच्या गावी पाच खणांचे घर. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परसू. आईला तिथे एकटीला ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा आम्ही रजा काढून गेलो आणि यादी केली. कारकुनाने केलेली यादी ती. तीत चूक कशी असेल? तीन रकाने आखले: न्यावयाचे, वाटावयाचे, मोडीत घालावयाचे. शिसवी कपाट न्यावयाचे. पितळी घंगाळ आणि पाटा-वरवंटा न्यावयाचा. कणगी वाटावयाची. तांब्याचा बंब मोडीत. सोप्यापाशी मात्र आम्ही क्षणभरही थबकलो नाही, कारण सोप्यात काहीच नव्हते. फरशी, भिंतीशी गुंडाळून ठेवलेले एक जाजम आणि पाण्याचा तांब्या. जाजम शेजारी देऊन टाकले, आणि यादीत त्या जागेपुढे आम्ही कचेरीच्या सवयीने 'निरंक' असा शेरा मारला.

वर सांगितलेला बोध आम्ही तेव्हा नकळत पाळलाच होता. निघण्यापूर्वी, घरीच, सारे आक्रसून घेतले होते. मिरज, बेळगाव, हुबळी करीत आईला घेऊन आलो. मागाहून सामान आले. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते जड कपाट चार जणांनी उचलून दाराजवळच्या भिंतीशी उभे केले. आईला घरच्यासारखे वाटावे, हा हेतू. पुढे कित्येक महिने आई त्या कपाटाशेजारी खाटेवर बसून राहिली. कुरकुर अशी नाही. एकदाच म्हणाली, "अरे, इथं कुणी आलं तर बसायचं कुठं?" आम्ही सहज म्हणून गेलो, "इथं येणार कोण आहे, आई?" त्या उत्तरातील निर्दयपणा आमच्या ध्यानात आला नाही.

सोप्यात काही नव्हते, याचे कारण तिथे कोणीही यावे हे होते. माहेरी आलेली शेजारची लेक, सोसायटीचा कागद वाचून घ्यावयास आलेला म्हातारा, उन्हाची घटकाभर टेकणारी भाजीवाली, भांडून घराबाहेर पडलेली आणि संध्याकाळी समजूत पटून परत जाणारी एखादी सून. चाळीस वर्षे आईचे जगणे त्या निरंक जागेत घडले होते. घरातील भरलेले खण आम्ही काळजीपूर्वक उचलून आणले, आणि मजकूर तेवढा मागे राहिला.

मग रिकामे म्हणजे तरी काय? संगणकातही रिकामेपणा हा वस्तूचा गुण नसतो. तो नोंदीचा असतो. जुन्या फिरत्या डिस्कवर एखादी फाइल पुसली म्हणजे बहुधा ती नाहीशी होत नाही. नोंदवहीत तिच्या खणांपुढे 'मोकळे' असे लिहिले जाते, इतकेच. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती आपल्या जागी पडून असते. तेव्हा क्लोनझिला जे रिकामे म्हणून सोडते, ते स्वतःच्या मताने सोडीत नाही. त्या विभागाची स्वतःची नोंदवही वाचून सोडते. आणि तंत्रज्ञाने सांगितलेली दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. ज्या विभागाची रचना त्या साधनाला ओळखता येत नाही, मग तो अनोळखी पद्धतीचा असो वा कुलूपबंद केलेला असो, तिथे ते काहीच रिकामे धरीत नाही. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत सारे जसेच्या तसे उचलते. वेळ लागतो, ओझे वाढते. पण जे आपल्याला वाचता येत नाही ते कोरे आहे, असे ते यंत्र कधीही म्हणत नाही.

हाच विवेक आमच्या म्हैसुरात आणखी एके ठिकाणी नित्य पाळला जातो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा १९६६ साली उटकमंडहून येथे आली. हजारो शिलालेखांचे ठसे तिच्यापाशी आहेत. दगड धुऊन त्यावर ओला कागद बसवावयाचा, कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवावयाचा आणि वरून शाई फिरवावयाची. पृष्ठभाग काळा होतो, अक्षरे पांढरी राहतात. ठसा दगडाएवढाच निघतो आणि त्यात झिजलेला, फुटलेला, आज कोणालाच न लागणारा भागही येतो. एका पिढीला न लागलेली ओळ पुढच्या पिढीतील कोणाला लागेल, हे ठसा घेणारा जाणून असतो. येथून शंभर किलोमीटरांच्या आत श्रवणबेळगोळ. तेथे गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ ओळींच्या शेजारी मराठी ओळ कोरलेली आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. कन्नड मुलखातील त्या दगडावर ती इतकी शतके राहिली. परकी म्हणून ती कोणी तासून टाकली नाही.

यावर कोणी म्हणेल, सारेच उचलावयाचे तर लहान जागेचे काय? दोनशे छप्पन्न जीबी ते दोनशे छप्पन्नच, आणि दोन खोल्या त्या दोनच. हा आक्षेप खरा आहे. गावचे घर म्हैसुरात आणता येत नाही, आणि आणता येईल असे सांगणे ही फसवणूक ठरेल. काहीच सोडू नये असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, काय सोडावयाचे हे ज्याचे आयुष्य हलविले जात आहे त्याच्या नोंदवहीवरून ठरावे, हलविणाऱ्याच्या नव्हे. ती नोंदवही आम्हांला वाचता येत होती काय? येत नव्हती. मग विचारावयास हवे होते. आम्ही विचारले नाही, कारण आमचे आईवर प्रेम होते आणि प्रेम असले म्हणजे विचारावे लागत नाही असा आमचा ग्रह होता. दूरदेशी नोकरी करणाऱ्या आम्हा मंडळींकडून हा अपराध वारंवार घडतो. वृद्ध आईबापांच्या बाबतीत घडतो; आणि उलट दिशेने, आपल्या भाषेतले काय मुलांच्या उपयोगाचे नाही हे त्यांच्या वतीने आपणच ठरवून टाकतो, तेव्हाही घडतो.

तंत्रज्ञ आणखी एक नियम पाळीत असे. नवी डिस्क सुरू होऊन चार दिवस नीट चालल्याखेरीज जुनी कोरी करावयाची नाही. गावच्या घराला गिऱ्हाईक आले होते. कागदही तयार होत होते. तो व्यवहार आम्ही थांबविला. तो करावयाचा की नाही, आणि केव्हा, ते आई सांगेल.

त्याच आठवड्यात आम्ही जुनी यादी काढून आईपुढे ठेवली. तिने चष्मा लावून ती सावकाश वाचली. न्यावयाच्या रकान्यातील निम्म्या वस्तूंवर तिने काट मारली. कपाटापाशी येऊन म्हणाली, "हे सासूबाईंचं. मला कधीच आवडलं नाही." निरंक या शेऱ्यावर तिचे बोट बराच वेळ थांबले. मग म्हणाली, "दाराजवळची जागा तेवढी मोकळी कर."

कपाट एका सहकाऱ्याने नेले. मोकळी झालेली जागा असेल सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. आईने तिथे देवराज मार्केटातून आणलेली चटई पसरली आणि पाण्याचा तांब्या भरून ठेवला. थंडीच्या दिवसांत शेजारच्या क्वार्टरमधील कन्नड बाई पावट्याच्या शेंगांची पाटी घेऊन आल्या आणि तिथे बसल्या. आईला कन्नड येत नाही, त्यांना मराठी येत नाही. आम्ही कचेरीतून परतलो तेव्हा दोघी शेंगा सोलीत बोलत होत्या, आणि पाटी पुष्कळ रिती झाली होती.

यादीतला तो शेरा आम्ही खोडला आहे. त्या जागी काय लिहावे, हे अद्याप सुचलेले नाही.