विद्यार्थ्याचा प्रश्न आणि गुरूचा धर्म

मागे एकदा पैठण तालुक्यातील एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची प्रवचनाची सेवा होती. तिसऱ्या दिवशी आम्ही नाथमहाराजांची कथा लावली. काशीची कावड रामेश्वरास नेताना वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले, आणि महाराजांनी ते गंगोदक त्याच्या मुखी घातले, ही कथा आपण सर्व जाणता. मंडपात अगदी पुढे शाळकरी पोरे बसली होती. त्यांतला कुंभाराचा एक मुलगा, दहा-अकरा वर्षांचा असेल, एकाएकी उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, मग आमच्या गाढवानं हाळात तोंड घातलं तर लोकं त्याला दगडं का मारतेत?"

सारा मंडप हसला. मागून कोणी ओरडले, "ए, गप बस की रे!" आणि आम्हीही, वेळ थोडा उरला होता म्हणून म्हणा की उत्तर सुचले नाही म्हणून म्हणा, हात हलवून म्हणालो, "खाली बस बाळ, मधी बोलू नये." तो बसला. रात्री पंगतीला त्याचे गुरुजी आमच्या शेजारी होते. ते सहज म्हणाले, "महाराज, हा वर्गात कधी बोलतच नाही. आज पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला." ते बोलणे आम्हांस घासातल्या खड्यासारखे लागले. जो आवाज वर्षभर निघाला नव्हता तो एकदा निघाला, आणि तो आम्ही दाबला.

आता विचार असा की, लहानाने मोठ्यास प्रश्न करणे हा उद्धटपणा आहे काय? आपण तर वाटेवर वेगळेच वागतो. वारीत सत्तर वर्षांचा म्हातारा सात वर्षांच्या पोराच्या पाया पडतो, त्याला 'माउली' म्हणतो. पण तीच माउली शाळेत हात वर करते तेव्हा तिला खाली बसवले जाते. ज्याच्या पायांवर डोके ठेवायचे, त्याच्या तोंडातला शब्द मात्र ऐकायचा नाही, हे कसे?

गीतेच्या चौथ्या अध्यायात चौतिसावा श्लोक आहे. ज्ञान मिळवायचे तीन मार्ग देव तेथे सांगतात: नमस्कार, प्रश्न आणि सेवा. नीट पाहा, नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध प्रश्न बसवला आहे. आम्ही काय केले? अलीकडचा नमस्कार ठेवला, पलीकडची सेवा ठेवली, आणि मधला प्रश्न तेवढा गाळून टाकला. मुलगा वाकून पाया पडला की आम्ही खूश, वर्ग झाडून घेतला, पाणी भरले की आम्ही खूश. त्याने "असं का?" म्हटले की मात्र आमच्या कपाळाला आठी.

अर्जुन कसा विद्यार्थी होता ते आठवावे. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच तो देवाला तोंडावर सांगतो की, तुमचे बोलणे मला घोटाळ्यात टाकते, एक काय ते निश्चित सांगा. माउलींनी शके १२१२ त, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेवर टीका केली, तेव्हा अर्जुनाची ही तक्रार आवरती घेतली नाही, उलट फुलवली. वैद्यानेच पथ्य सांगावे आणि त्यानेच विष घालावे, मग रोग्याने जगावे कसे, असा दृष्टान्त त्यांनी अर्जुनाच्या तोंडी घातला. देव रागावले नाहीत. पुढे पंधरा अध्याय बोलत राहिले, आणि शेवटी म्हणाले, याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. अर्जुन मुकाट्याने बसला असता तर गीता कोठून होती?

आमच्या जिल्ह्याचे ठिकाण छत्रपती संभाजीनगर. तेथे नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली हे महाविद्यालय सुरू केले. मिलिंद हा ग्रीक राजा, नागसेन हे बौद्ध भिक्षू. राजाने प्रश्न करावे आणि भिक्षूने उत्तरे द्यावीत, असा त्यांचा संवाद पाली भाषेत आहे. गंमत अशी की, उत्तर देणाऱ्याचे नाव वनाला मिळाले आणि विद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे! त्या संवादाच्या आरंभी नागसेन एक अट घालतात. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नाही. पंडितांची रीत अशी की, चूक दाखवली तरी कोणी रागावत नाही. राजांची रीत अशी की, जो विरोध करील त्याला दंड.

राजाची रीत या शहराने पाहिलेली आहे. १९३८ साली निजामी राजवटीत येथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थी 'वंदे मातरम्' गात होते. त्यावर बंदी आली, मुले वाकली नाहीत. ही चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचली, पुष्कळ मुलांना काढून टाकले गेले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना आश्रय दिला. ती राजवट १९४८ साली गेली. पण वर्गातल्या खुर्चीवर अजून कधी कधी लहानसा राजा बसलेला असतो, आणि खरे सांगायचे तर व्यासपीठावरही बसतो.

कोणी म्हणेल, "अहो, साठ पोरे बोलू लागली तर बाजार भरेल!" शंका रास्त आहे. पण दिंडीत टाळ किती असतात? प्रत्येकाच्या हातात आपला टाळ, तरी ठेका एक. टाळ काढून घेऊन ठेका सांभाळला असे कोणी म्हणत नाही, वाजवायला शिकवूनच तो सांभाळतात. तसेच बोलायचेही शिकवावे लागते. दुसऱ्याचे पुरते ऐकावे, मग आपले मांडावे, कुणाला हसू नये, हे वळण गुरुजींनी लावावे. प्रश्न विचारल्यावर जरा थांबावे, कारण मागच्या बाकावरच्या पोराला शब्द गोळा करायला वेळ लागतो. आणि ठाऊक नसेल तर "मलाही माहीत नाही रे, उद्या पाहून सांगतो" म्हणावे. त्याने गुरुपण उणे होत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणी मांडता यावे, असे सांगितले आहे. पण कायदा दाराशी थांबतो. आत मायाच लागते.

काल्याच्या दिवशी आम्ही मंडपात उभे राहून कबूल केले की, त्या मुलाचा प्रश्न खरा होता. नाथांची कथा आम्ही सांगितली, पण ती कळली होती त्याला. हाळावर दगड मारणाऱ्याने नाथांचे नाव घेऊ नये, हेच त्याचे उत्तर, आणि ते आम्हांस तिसऱ्या दिवशीच द्यायला हवे होते. पोर खाली मान घालून ऐकत होते. "अजून काही विचारायचंय का बाळ?" असे आम्ही म्हटले. त्याने नुसती मान हलवली. दबलेला आवाज एका क्षमेने परत येत नाही, हे त्या दिवशी कळले.

म्हणून आमची विनवणी एवढीच. ज्यांच्या हाती शाळा आहे, पाठशाळा आहे, किंवा घरात एखादे लेकरू आहे, त्यांनी "खाली बस" म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. उभा राहिलेला तो कदाचित पहिल्यांदाच उभा राहिला असेल.