खुंटाचं झाड

भडगावजवळच्या आमच्या शेतात मोसंबीच्या ओळीत एक झाड आंबट निघालं. फळ छोट्या संत्र्यासारखं, केशरी, ढिल्या सालीचं. आत मात्र चक्क लिंबू.

मोसंबी सहसा स्वतःच्या मुळांवर उभी नसते. रंगपूर लाइम किंवा जंबेरीचं रोप वाढवायचं, त्यावर मोसंबीचा डोळा बांधायचा आणि डोळा फुटला की रोपाचा शेंडा छाटायचा. उरतो तो खुंट. त्याला पुढे फुटवा आला तर तोही काढायचा. आमच्याकडे दुष्काळात वरची मोसंबी वाळली, खालचा एक फुटवा नजरेतून सुटला आणि काही वर्षांत रंगपूर स्वतःच उभं राहिलं.

आबा म्हणाले, “आते कापी टाक.” त्याला बाजार नाही आणि मे महिन्यात विहीर तळ गाठते. माझी इंजिनिअरिंगची फी मोसंबीने भरली, हे ते बोलले नाहीत.

पण मोसंबीला पाणी कोण देत होतं? ब्राझीलमध्ये ट्रिस्टेझा रोगाने आंबट संत्र्याच्या खुंटावरच्या बागा बसल्या, तेव्हा तिथली संत्री याच रंगपूरवर पुन्हा उभी राहिली. ज्यूसच्या डब्यावर नाव संत्र्याचंच.

मित्र म्हणाला, “ते लावलंच खुंटासाठी. मोसंबी नसती तर बीसुद्धा पेरलं नसतं.” हे पटता पटता खटकलं. ज्याला आपण जन्म दिला, काम दिलं, आसरा दिला, त्या प्रत्येकाला हेच ऐकवता येतं. कुणाचं असणं आपल्यामुळे आहे, म्हणून ते फक्त आपल्यासाठी आहे असं ठरत नाही. झाडाला दुःख होतं असं मी म्हणत नाही (तसले रील्स मला सहन होत नाहीत). प्रश्न माझ्या हिशेबाचा आहे. राबेपर्यंत मूळ आणि स्वतःचं पान काढलं की तण?

आणि तरीही पाणी खरंच कमी आहे. त्याला दिलेलं पाणी शेजारच्या मोसंबीचं. माझी दया, आबांचा तोटा. मी तर पुण्यात बसून बोलणार. म्हणून ‘कापू नका’ असं मी सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “यंदाची फळं उतरेपर्यंत राहू द्या.”

आबांनी त्याच्या दोन ड्रिपरपैकी एक बंद केला. आईने लोणचं घातलं. फळं उतरून महिने झाले, झाड अजून आहे. परवा फोनवर आबा मोसंबीचे भाव सांगत होते, मध्येच म्हणाले, “त्या आंबटाला औंदा फूल लई आलंय.”